क्षणभराचा उजेड

डेन्मार्क देशाच्या नैर्ऋत्य भागात रीबे नावाचे एक प्राचीन गाव आहे. गावाच्या मध्यभागी शेकडो वर्षांचे जुने प्रार्थनामंदिर, त्याभोवती अरुंद गल्ल्या, उतरत्या छपरांची बुटकी घरे, छपरांवर करकोच्यांची घरटी आणि गावाबाहेर दूरवर पसरलेली हिरवी कुरणे, असे ह्या गावाचे रूप होते. ह्याच गावी ३ मे १८४९ रोजी जेकब रीस ह्याचा जन्म झाला. पुढे ह्या जेकबने अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या काळोख्या खोल्यांत कॅमेरा नेला, आणि जे पाहण्याची कोणाची इच्छा नव्हती, ते साऱ्या नगरीला पाहावयास लावले.

जेकबचे वडील नील्स रीस हे गावात शिक्षक होते. घरात मुले पुष्कळ आणि शिक्षकाची प्राप्ती बेताची. त्यामुळे काटकसरीवाचून गत्यंतर नव्हते. तथापि घरात पुस्तके होती. वडील फावल्या वेळी गावच्या वृत्तपत्रासाठी लेखन करीत आणि जेकब त्यांना त्या कामी मदत करी. मुलाने लेखणी हाती धरावी, विद्वान म्हणून नाव मिळवावे, अशी वडिलांची इच्छा होती. जेकबचे मन मात्र शाळेतील अभ्यासात फारसे रमत नसे. डिकन्सच्या कथा तो आवडीने वाची. पण घोकंपट्टीचा त्याला मनस्वी कंटाळा येई.

त्याच्या बालपणीची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. रीबे गावात गरिबांची वस्ती असलेले एक मोडकळीस आलेले घर होते. तेथे घाण साचलेली असे व उंदरांचा सुळसुळाट असे. अकरा-बारा वर्षांच्या जेकबला नाताळाच्या सणात खाऊसाठी थोडे पैसे मिळाले. ते सर्व पैसे घेऊन तो त्या घरातील एका दरिद्री कुटुंबाकडे गेला आणि त्यांच्या हाती ठेवले. मात्र त्याने एक अट घातली: घर झाडून-पुसून स्वच्छ केले पाहिजे! त्या माणसांनी पैसे घेतले व अटही पाळली. मुलाने काय केले हे कळताच त्याची आईही त्यांच्या मदतीला गेली. गरिबाला नुसते दान देऊन भागत नाही, तो ज्या जागेत राहतो ती जागा माणसाला राहण्याजोगी झाली पाहिजे, हा विचार त्या कोवळ्या वयातच जेकबच्या मनात रुजला होता.

विद्वान होण्याऐवजी जेकबने सुतारकाम शिकण्याचे ठरविले. कोपनहेगन येथे काही वर्षे उमेदवारी करून तो कसबी सुतार झाला. गावी परतल्यावर मात्र त्याच्या वाट्याला निराशा आली. सुताराला पुरेसे काम मिळेना. एलिझाबेथ नावाच्या ज्या मुलीशी विवाह व्हावा अशी त्याची उत्कट इच्छा होती, तिनेही नकार दिला. तेव्हा नशीब काढण्यासाठी त्याने देशत्याग करावयाचे ठरविले. १८७० च्या जून महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. मित्रांनी वर्गणी करून दिलेले ४० डॉलर एवढेच त्याचे भांडवल होते. गळ्यात एक सोन्याचा लहानसा ताईत होता. त्यात एलिझाबेथच्या केसांची बट जपून ठेवलेली होती.

अमेरिकेविषयी त्याच्या कल्पना पुस्तकांतून आलेल्या होत्या. रानरेडे व लढवय्ये आदिवासी ह्यांच्याशी पावलोपावली सामना करावा लागेल, ह्या समजुतीने त्याने जवळची निम्मी रक्कम खर्चून एक पिस्तूल विकत घेतले आणि ते कमरेला लटकावून तो शहराच्या मुख्य रस्त्याने चालू लागला. एका भल्या पोलिसाने त्याला थांबविले व हे शस्त्र घरी ठेवणेच बरे, असे समजावून सांगितले. शत्रू होता तो निराळाच. तो शत्रू म्हणजे बेकारी, भूक आणि थंडी. त्यांच्यापुढे पिस्तुलाचा काहीएक उपयोग नव्हता.

पुढील काही महिने जेकबने पडेल ते काम केले. पेनसिल्व्हेनियातील एका लोखंडाच्या कारखान्याच्या वस्तीत तो सुतारकाम करू लागला. कोळशाच्या खाणीतही उतरला. पण कोठेच त्याचा जम बसेना. अखेर तो न्यूयॉर्कला परत आला, तेव्हा खिशात दमडी उरली नव्हती. दारांच्या आडोशाला झोपावे, हॉटेलातील कोणी भल्या माणसाने दिलेले शिळेपाके अन्न खावे, असे दिवस आले. एका पावसाळी रात्री तो नदीकाठी हताश होऊन बसला असता एक भटके कुत्रे येऊन त्याला बिलगले. त्या मुक्या प्राण्याच्या मायेने त्याला धीर आला. दोघे मिळून पोलीस ठाण्यातील निराधारांच्या निवाऱ्याकडे गेले.

त्या काळी न्यूयॉर्कच्या पोलीस ठाण्यांत बेघर लोकांना रात्रीपुरती जागा देत. जागा कसली? ते तळघर होते. उघड्या फळ्यांवर चोर, दारुडे, रोगी आणि अभागी मुले एकत्र पडलेली असत. कुत्र्याला आत घेण्यास शिपायाने मनाई केली. ते बिचारे बाहेर पायरीवरच राहिले. रात्री कोणीतरी जेकबच्या गळ्यातील सोन्याचा ताईत चोरला. सकाळी त्याने तक्रार केली, तेव्हा अशा भिकाऱ्याजवळ सोने कोठून येणार, असे म्हणून अधिकाऱ्याने त्यालाच चोर ठरविले व बाहेर हाकलून देण्याचा हुकूम केला. धन्याला धक्के मारून बाहेर काढीत आहेत हे पाहताच कुत्रे शिपायावर धावून गेले. शिपायाने त्याला पाय धरून उचलले व दगडी पायरीवर आपटून ठार केले. संतापाने बेभान झालेल्या जेकबने हाती लागतील ते दगड ठाण्यावर फेकले. पोलिसांनी त्याला धरून नदीपार जाणाऱ्या नावेवर चढविले. ह्या रात्रीची जखम त्याच्या मनात जन्मभर ओली राहिली.

तरीही जेकब खचला नाही. पायी चालत तो फिलाडेल्फिया शहरी पोचला. तेथील डेन्मार्कच्या वकिलाने त्याला आश्रय दिला. त्यानंतर काही काळ त्याने सुतारकाम केले, काही काळ दारोदार फिरून इस्त्र्या विकल्या. १८७३ साली न्यूयॉर्कमधील एका वृत्तसंस्थेत त्याला उमेदवार बातमीदाराची जागा मिळाली. वडिलांनी ज्या लेखणीचे स्वप्न पाहिले होते, ती अशा रीतीने फिरून त्याच्या हाती आली. पुढे त्याने ब्रुकलिनमधील एक लहानसे वृत्तपत्र कष्टाच्या कमाईतून विकत घेतले व चालविले. आता तो स्वतःच्या पायांवर उभा होता. त्याने पुन्हा एलिझाबेथला पत्र पाठविले. ह्या वेळी होकार आला. १८७६ साली रीबे येथे त्यांचा विवाह झाला व दोघे अमेरिकेस परतली.

१८७७ मध्ये रीस हा न्यूयॉर्कमधील ‘ट्रिब्यून’ ह्या दैनिकाचा पोलीस वार्ताहर झाला. त्याची कचेरी मलबेरी रस्त्यावर पोलिसांच्या मुख्य ठाण्यासमोरच होती. चोऱ्या, खून, आगी आणि साथीचे रोग ह्यांच्या बातम्या गोळा करणे हे त्याचे काम. हे काम रात्रीचे असे. पहाटे घरी परतताना तो मुद्दाम गरिबांच्या वस्तीतून पायी जाई. जगभरातून पोटासाठी आलेली माणसे तेथे भाड्याच्या चाळींत दाटीवाटीने राहत होती. ह्या चाळी पाच-पाच, सहा-सहा मजल्यांच्या असत. पुढच्या व मागच्या बाजूच्या खोल्यांनाच काय तो उजेड व वारा मिळे. मधल्या खोल्यांना खिडकीच नसे. भरदिवसा तेथे मिट्ट काळोख असे. शहरात अशा ३७,००० चाळी असून त्यांत १२ लाखांहून अधिक माणसे राहतात, असा आकडा रीसने पुढे आपल्या पुस्तकात दिला. क्षयासारखे रोग तेथून हलत नसत. उन्हाळ्यात तान्ही मुले पटापट दगावत.

रीस हे सारे लिहीत होता. एका लहानशा खोलीत किती माणसे झोपतात, हे तो आकड्यांनिशी सांगे. आरोग्यखात्याकडेही त्याने वृत्तांत पाठविले. परंतु वाचणारे वाचत, क्षणभर हळहळत आणि विसरून जात. बातमीदार अतिशयोक्ती करतो, असेही काहींना वाटे. आपण पाहतो ते इतरांना जसेच्या तसे दाखविता आले तर! ही तळमळ रीसला लागून राहिली. त्याला चित्रकला येत नव्हती. आणि चित्र काढले तरी ते कल्पनेचे आहे, असे म्हणावयास लोक मोकळेच होते. छायाचित्राला खोटे म्हणणे कठीण होते. पण काळोखात छायाचित्र घ्यावयाचे कसे?

ही अडचण नीट समजण्यासाठी कॅमेऱ्याचे कार्य थोडेसे पाहिले पाहिजे. कॅमेरा ही मुळात एक अंधारी पेटी आहे. तिच्या एका बाजूस भिंग असते. भिंगातून आत येणारा प्रकाश समोरच्या पृष्ठावर पडतो व तेथे प्रतिमा उमटते. रीसच्या काळी हे पृष्ठ म्हणजे रसायनाचा थर दिलेली काचेची प्लेट असे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात तेथे प्रकाशाचे विद्युत्‌संकेतांत रूपांतर करणारी एक चकती असते. प्रतिमा चांगली उमटण्यास ठराविक प्रकाश लागतो. प्रकाश किती वेळ आत घ्यावयाचा, हे ठरविणाऱ्या झडपेला शटर म्हणतात. भर उन्हात शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा हजाराव्या भागापुरते उघडले तरी पुरते. उजेड कमी असेल तर ते अधिक काळ उघडे ठेवावे लागते. मात्र तेवढ्या वेळात समोरचा माणूस हलला, तर त्याची आकृती पुसट होते. काळोख्या खोलीत तर शटर कितीही वेळ उघडे ठेवले, तरी चित्र कसले येणार?

१८८७ सालच्या एका सकाळी न्याहारी करताना रीस वर्तमानपत्र चाळीत होता. त्यातील चार ओळींच्या एका बातमीवर त्याची दृष्टी खिळली. जर्मनीमध्ये क्षणभर लखलखणाऱ्या प्रकाशात छायाचित्रे घेण्याची युक्ती निघाली होती. मीथे आणि गेडिके ह्या दोन संशोधकांनी मॅग्नेशियम धातूच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून एक पूड सिद्ध केली होती. ती पेटविताच भपकन जळे आणि क्षणार्धात डोळे दिपविणारा प्रकाश पडे. ज्याच्या शोधात आपण होतो ते हेच, हे रीसने ओळखले. त्याने आपले मित्र डॉ. नेगल ह्यांना गाठले. ते आरोग्यखात्यात जन्ममृत्यूच्या नोंदींचे प्रमुख होते व छायाचित्रणाचे हौशी होते. पिफर्ड व लॉरेन्स हे आणखी दोन हौशी छायाचित्रकार त्यांना येऊन मिळाले.

मध्यरात्रीच्या सुमारास ही मंडळी गरिबांच्या वस्तीत शिरू लागली. प्रथम त्यांनी प्रकाशाची पूड भरलेली काडतुसे पिस्तुलासारख्या साधनातून उडवून पाहिली. परिणाम विपरीत झाला. अपरात्री हाती पिस्तुले घेतलेली अनोळखी माणसे दारात पाहून चाळीतील लोक भयाने खिडक्यांतून आणि बाहेरच्या लोखंडी जिन्यांवरून पळत सुटले! तेव्हा रीसने पिस्तूल टाकून दिले आणि स्वयंपाकघरातील तळण्याचे पसरट भांडे हाती घेतले. त्या भांड्यात पूड ठेवून ती पेटवू लागताच लोकांची भीती बरीच कमी झाली.

छायाचित्र घेण्याची रीत अशी होती. तिपाईवर कॅमेरा उभा करावयाचा. भिंगावरचे झाकण काढावयाचे. पूड पेटवावयाची. भपका झाला की झाकण पुन्हा बसवावयाचे. झाकण काढणे व बसविणे ह्यांत काही क्षण जात. परंतु खोलीत अंधार असल्याने तेवढ्या वेळात प्लेटवर काहीच उमटत नसे. जे उमटे ते केवळ भपक्याच्या त्या निमिषात. म्हणजे शटराचे काम जणू प्रकाशच करी. आजच्या कॅमेऱ्यातील फ्लॅशचे तत्त्वही हेच आहे. विजेवर चालणारा आजचा फ्लॅश पुष्कळदा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ चमकतो. जवळचा माणूस त्या झोतात टिपला जातो. आणि पाठीमागचा मंद उजेड चित्रात किती यावा, हे शटराच्या वेगावर अवलंबून असते. वेग कमी ठेवला तर मागची खोली, दिवे, भिंती दिसू लागतात. वेग वाढविला तर मागे काळोख पसरतो. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत शटर एका मर्यादेपलीकडे जलद चालविले, तर झोत पडतेवेळी पडदा पुरता उघडलेला नसतो आणि चित्राचा काही भाग काळा राहतो. आज हे सारे एका कळीवर साधते. रीसला त्यासाठी दोन्ही हात, एक भांडे आणि प्राणांची जोखीम खर्ची घालावी लागत असे.

रात्रीची ही भटकंती हौशी मित्रांना फार काळ मानवली नाही. पैसे देऊन ठेवलेले छायाचित्रकारही टिकले नाहीत. तेव्हा १८८८ च्या प्रारंभी रीसने २५ डॉलर खर्चून स्वतःच कॅमेरा, तिपाई व धुलाईची सामग्री विकत घेतली. छायाचित्रणाचे शिक्षण त्याला नव्हते. बेवारशी मृतांना जेथे पुरीत, त्या हार्ट बेटावर जाऊन त्याने पहिला प्रयोग केला. प्लेटला नको तितका प्रकाश लागला व चित्र बिघडले. तरी त्याने प्रयत्न सोडला नाही. आपण चांगले छायाचित्रकार आहोत, असे त्याने कधीच मानले नाही. त्याला कला साधावयाची नव्हती, पुरावा गोळा करावयाचा होता.

ह्या पुराव्याची किंमत मोठी होती. ती पूड म्हणजे एक प्रकारची दारूच. तिच्या भडक्याने दोनदा घरांत आग लागली आणि एकदा रीसचे स्वतःचेच कपडे पेटले. एकदा तर भडका डोळ्यांसमोरच झाला. चष्म्यामुळेच त्याची दृष्टी वाचली. एका जुनाट घराच्या माळ्यावर पाच अंध स्त्रीपुरुष राहत होते. त्यांचे छायाचित्र घेऊन रीस निघाला, तोच भिंतीवर टांगलेल्या कागदांनी व चिंध्यांनी पेट घेतल्याचे त्याला दिसले. खोलीत आपण एकटेच डोळस; खाली जाणारा जिना अंधारा व मोडका; ह्या पाचांना बाहेर काढावयाचे तरी कसे? पळून जाऊन मदत मागावी, असा विचार क्षणभर त्याच्या मनात चमकून गेला. पण तो मागे फिरला आणि मोठ्या कष्टाने त्याने एकट्यानेच ती आग विझविली. खाली येऊन त्याने पोलिसाला ही हकिगत सांगितली, तेव्हा तो पोलीस हसू लागला. त्या घरात इतकी घाण साचली होती की ते पेटणेच शक्य नाही, अशी त्याची खात्री होती!

ह्या काळात घेतलेले एक छायाचित्र फार प्रसिद्ध आहे. बेयर्ड रस्त्यावरील एका चाळीत अधिकाऱ्यांनी मध्यरात्री तपासणी केली, तेव्हा रीस त्यांच्याबरोबर होता. जेमतेम तेरा फूट लांबीरुंदीच्या खोलीत बारा स्त्रीपुरुष झोपलेले होते. एका रात्रीचे भाडे माणशी पाच सेंट. चित्रात फळ्यांवर व जमिनीवर पडलेली माणसे, भिंतीला टेकलेल्या पेट्या, बोचकी आणि मळके जोडे दिसतात. झोपेतून जागी झालेली माणसे डोळे किलकिले करून पाहत आहेत. प्रकाश इतका वेगाने आला व गेला, की कोणाला सावरून बसण्यासही अवसर मिळाला नाही. रीसने असे वृत्तांत पूर्वीही आरोग्यखात्याकडे दिले होते व ते तसेच पडून राहिले होते. परंतु धुलाईच्या खोलीतून आणलेल्या, पाणी निथळत असलेल्या काचा जेव्हा त्याने पुढे केल्या, तेव्हा शब्दांवर विश्वास न ठेवणाऱ्यांना बोलावयास जागा उरली नाही.

वर्तमानपत्रांत छायाचित्रे जशीच्या तशी छापण्याची सोय त्या वेळी नसे. १२ फेब्रुवारी १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या ‘सन’ ह्या दैनिकात रीसच्या छायाचित्रांवरून काढलेली रेखाचित्रे प्रसिद्ध झाली. रेखाचित्रांत मूळचे बळ कोठून येणार? म्हणून रीसने दुसरा मार्ग धरला. काचेवरील चित्रे दिव्याच्या साहाय्याने पांढऱ्या पडद्यावर मोठी करून दाखविण्याचे यंत्र त्याला पूर्वीपासून परिचित होते. ते घेऊन तो गावोगावच्या सभांत व्याख्याने देऊ लागला. काही प्रार्थनामंदिरांच्या चालकांनी आपल्या जागेत असली दृश्ये दाखविण्यास नकार दिला. पण इतरांनी दारे उघडली. ज्यांनी त्या वस्तीत कधी पाऊलही टाकले नव्हते, अशा सुखवस्तू लोकांसमोर ते चेहरे पडद्यावर पुरुषभर उंच होऊन उभे राहिले. १८८९ च्या डिसेंबरात ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात त्याचा लेख आला आणि १८९० मध्ये ‘हाऊ द अदर हाफ लिव्हज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शहराचा एक भाग दुसऱ्या भागाच्या जगण्याविषयी किती अजाण आहे, हे त्यात दाखविले होते. ठिपक्यांच्या साहाय्याने छायाचित्र छापण्याची नवी पद्धत निघाल्याने ह्या ग्रंथात काही छायाचित्रे जशीच्या तशी देता आली.

रीसचा कॅमेरा चाळींपुरताच थांबला नाही. १८९१ साली शहराच्या पिण्याच्या पाण्यात दोष आढळला. ज्या क्रोटन नदीच्या खोऱ्यातून पाणी येई, तेथे रीस कॅमेरा घेऊन आठवडाभर हिंडला. वरच्या गावांचे सांडपाणी नदीच्या प्रवाहात मिसळत असल्याचे त्याने छायाचित्रांनी सिद्ध केले. पटकीचे जंतू वाहत्या पाण्यात किती दिवस तग धरतात आणि ते पाणी शहरात किती दिवसांत पोचते, ह्याचाही त्याने शोध घेतला. ही माहिती प्रसिद्ध होताच खळबळ उडाली, आणि नगरशासनाने जलाशयाभोवतीची जमीन विकत घेऊन पाणी सुरक्षित करण्याची व्यवस्था केली.

त्याचा ग्रंथ वाचून एक तरुण गृहस्थ त्याच्या कचेरीत आला. रीस बाहेर गेलेला होता. आपण ग्रंथ वाचला असून मदत करावयास आलो आहोत, अशा अर्थाची चिठ्ठी मागे ठेवून तो परतला. त्या गृहस्थाचे नाव थिओडोर रुझवेल्ट. पुढे १९०१ साली तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १८९५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष असताना दोघे मित्र रात्रीच्या रात्री शहरातून हिंडत. एका पावसाळी रात्री रीसने त्याला चर्च रस्त्यावरील त्याच पोलीस ठाण्यात नेले. पंचवीस वर्षांपूर्वी आपण येथेच लुटलो गेलो व आपले कुत्रे ह्याच पायरीवर मारले गेले, हे त्याने सांगितले. रुझवेल्ट संतापाने पेटून उठला. १८९६ च्या फेब्रुवारीत पोलीस ठाण्यांतील ते ओंगळ निवारे कायमचे बंद झाले. रीसने सूड घेतला. पण तो कोणा शिपायावर नव्हे. ज्या व्यवस्थेत तसा शिपाई निपजतो, ती व्यवस्थाच त्याने मोडली.

मलबेरी बेंड ही त्या वस्तीतील सर्वांत बदनाम जागा. तेथील चाळी पाडून मुलांसाठी मोकळी बाग करावी, असा ध्यास रीसने घेतला होता. लहान उद्यानांसाठी १८८७ साली कायदा झाला होता. परंतु काम वर्षानुवर्षे रखडत राहिले. रीसने लेखणी व कॅमेरा ह्यांना विसावा दिला नाही. अखेर चाळी जमीनदोस्त झाल्या आणि १८९७ च्या जूनमध्ये त्या जागी उद्यान खुले झाले. उद्‌घाटनाच्या समारंभाला रीसला आमंत्रणच नव्हते! तरीही तो गेला व गर्दीत मागे उभा राहिला. शेवटच्या वक्त्याने मात्र ह्या बागेचे श्रेय त्याला दिले आणि जमलेल्या लोकांनी त्याच्या नावाचा तीनदा जयघोष केला. १९०१ साली नवा कायदा झाला. नव्या चाळींत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी असलीच पाहिजे, असा दंडक त्याने घातला. हा कायदा अनेकांच्या प्रयत्नांचे फळ होता. त्यांत रीसचा वाटा लहान नव्हता.

एवढे मोठे कार्य करणारा हा पुरुष निर्दोष होता, असे मात्र नाही. इटालियन, चिनी, ज्यू इत्यादी लोकांविषयी त्या काळी जे पूर्वग्रह प्रचलित होते, ते त्याच्याही लेखनात आढळतात व आजच्या वाचकाला खटकतात. ज्यांची चित्रे तो घेई, त्यांची संमती तो बहुधा विचारीत नसे. अपरात्री दार उघडून कोणाच्या डोळ्यांवर लखलखाट करणे म्हणजे त्याच्या घराचे घरपण न मानणे होय, हा आक्षेप त्याच्यावर पुढे घेण्यात आला व तो खोटा नाही. ह्या उजेडाने त्या माणसांचे दुःख जगाला दिसले. त्यांची नावे मात्र बहुतांशी काळोखातच राहिली. ज्याच्या हाती कॅमेरा आहे, त्याने ही गोष्ट विसरू नये.

१९०१ मध्ये रीसने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९०५ साली एलिझाबेथ निवर्तली. १९०७ मध्ये त्याने दुसरा विवाह केला. पुढे मॅसॅच्युसेट्‌स प्रांतातील बॅरी ह्या गावी त्याने शेत घेतले व तेथेच २६ मे १९१४ रोजी त्याचा अंत झाला. त्याची छायाचित्रे लोक हळूहळू विसरले. मूळच्या काचा न्यूयॉर्कमधील त्याच्या जुन्या घराच्या माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या. पुढे एका छायाचित्रकाराने त्यांचा पाठपुरावा केला, त्या सापडल्या, आणि १९४६ साली त्या न्यूयॉर्कच्या नगर-संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्यांवरून नव्याने प्रती काढण्यात आल्या, तेव्हा रीस हा केवळ लेखक नव्हता, तर समाजासाठी कॅमेरा वापरणाऱ्या पहिल्या छायाचित्रकारांपैकी एक होता, हे जगाला नव्याने कळले.

मॅग्नेशियमच्या भुकटीचा उजेड क्षणभराचा असे. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो विझून जाई आणि खोलीत पहिल्यासारखाच काळोख दाटे. वर धूर तेवढा तरंगत राही. दुसरा कोणी असता, तर चित्र मिळाले म्हणून समाधानाने घरी गेला असता. रीस तसा गेला नाही. त्या क्षणात जे दिसले ते त्याने पुढे वर्षानुवर्षे लोकांच्या डोळ्यांआड होऊ दिले नाही, आणि जेथे पूड पेटविल्यावाचून काही दिसत नसे, त्या वस्तीत सूर्याचा उजेड यावा म्हणून तो अखेरपर्यंत झटला. मलबेरी बेंडच्या त्या बागेत आजही मुले उन्हात खेळतात. जेकब रीसचे खरे स्मारक तेच होय.